टाकीत साखर नव्हती

आमच्या गावात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. मी सख्ख्या धाकट्या भावाच्या मोटारसायकलच्या टाकीत साखर टाकली आणि त्याचा दुधाचा धंदा बुडवायला निघालो, अशी ती गोष्ट. सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या हिवाळ्यात गावात नव्हते. तरी साखर मुठीने टाकली की वाटीने, यावरही त्यांचे वाद होतात.

साखर मी टाकली नाही. पेट्रोलमध्ये साखर विरघळत नाही, ती तळाला बसून राहते. उभं आयुष्य राईस मिलची इंजिनं सांभाळण्यात गेलेल्या माणसाला भावाचं वाईटच करायचं असतं, तर त्याला याहून बरं काही सुचलं असतं. हे मी तेव्हा चौकात बोलूनही दाखवलं, आणि ते बोलणं माझ्यावरच उलटलं. आता वय झालं आहे. जे मी केलं नाही त्याच्या आड, जे मी केलं ते लपून राहिलं आहे. ते बाहेर काढावं म्हणून लिहायला बसलो.

आमचं घर एकच होतं. वाटणीनंतर अंगणातून भिंत गेली. वाटणी तशी निमूटपणे झाली, भांडण झालं ते धुऱ्यावरून. दोन शेतांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर पळसाची झाडं होती आणि त्यांच्या फांद्यांवर किड्यांची लाख धरायची, ती बाजारात विकली जायची. धुरा कोणाचा हे ठरलं नव्हतं, म्हणून लाख कोणाची हेही ठरलं नव्हतं. एका वर्षी मी ती उतरवून घेतली. पुढच्या वर्षी त्याने फांद्याच तोडून नेल्या. त्या दिवशी धुऱ्यावर उभे राहून आम्ही एकमेकांच्या लेकराबाळांना जे बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

बंद म्हणजे समोरासमोरचं. भिंतीवरून चालूच होतं. तो म्हशीशी बोलायचा आणि ऐकायचं मी.

"खा वं, पोटभर खा. तुले कोनी धुऱ्याचा हिसाब नाही मांगत."

मग मी इकडे बायकोला मोठ्याने म्हणायचो, "काही लोकायच्या घरची म्हैस दूध कमी आन पानी जास्त देते म्हनतात."

पलीकडून लगेच यायचं, "आयकलं का वं? लोकं आता दुसऱ्याच्या बादलीतही डोकावून रायले."

माझी बायको वैतागायची. "तोंडावर बोला ना एकमेकाच्या. त्या म्हशीचं डोस्कं कायले खाता?"

मोटारसायकल मूळची माझी. मिलमध्ये नोकरीला असताना घेतलेली. वाटणीत पाण्याचा पंप माझ्याकडे आला आणि गाडी त्याच्याकडे गेली. ती जुनी झाली होती, पण इंजिन मजबूत होतं. त्याने तिला कधी नीट तेल घातलं नाही, साखळी कोरडी ठेवली, सायलेन्सरला तार बांधून काम भागवलं. रोज सकाळी ती सुरू झाली की मला तिचा आवाज ऐकवायचा नाही, आणि कान मात्र तिकडेच लागलेले असायचे.

भावाच्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं होतं. तेव्हापासून चिखलात उभं राहून रोवणी करणं त्याला जमेना. शेत त्याने बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलं आणि म्हशी घेतल्या. कोहमाऱ्याला हायवेच्या चौकात एका ढाब्यावर त्याच्या दुधाचा रतीब होता. ट्रकवाल्यांच्या पहिल्या चहाला दूध पोचलं पाहिजे, एवढीच ढाबेवाल्याची अट. दोन कॅन गाडीला बांधायचे आणि उजाडता निघायचं. त्याचं घर त्या रतिबावर चालत होतं. बटईच्या वाट्याखेरीज त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते यावाचून कळायचं नाही.

धान कापणीला आलं तेव्हापासून गाडी वाटेत बंद पडू लागली. घरून पहिल्या किकला सुरू व्हायची. गाव सोडून नाल्याचा पूल ओलांडला, थोडा चढ लागला की गुदमरायची आणि थांबायची. मग कितीही किक मारा. भाऊ प्लग काढायचा, बोटं भाजून घ्यायचा, धोतराच्या सोग्याने पुसायचा, परत लावायचा. तोवर ती सुरू व्हायची. पुन्हा थोडं अंतर गेलं की तेच. ढाब्यावर पोचेपर्यंत पहिले ट्रक चहा न पिता निघून गेलेले असायचे.

गावाने निदान लगेच केलं. गरम झाली की बंद पडते. पानठेल्यावर रोज तीच चर्चा.

"प्लगच हाये. नवा टाक."

"टाकला ना बापा. दोन झाले."

"मंग कॉईल. कॉईल गरम झाली का करंट सोडते."

"रिंग गेली असंन. म्हातारी झाली ते गाडी, तुयासारखी."

"म्हातारी त तुयी सासू हाये. गाडीले नाव नोको ठेवू."

कोहमाऱ्याच्या मेकॅनिकने कॉईल बदलली. तरी तेच. तो गाडीकडे आला की सगळ्यात आधी झाकण उघडून पेट्रोल पाहायचा, मग किक मारायचा, आणि ती पहिल्या किकला सुरू व्हायची. "काका, गाडी तो मक्खन चल रही है. आप को वहम हो गया है." भाऊ चिडून म्हणायचा, तू बसून पाह्य माझ्या मागं. मेकॅनिक हसायचा.

हे सगळं माझ्या कानावर यायचं आणि मला बरं वाटायचं. हलकं कशाला करून सांगू? खरोखर बरं वाटायचं. सकाळी ती गाडी निघाली की मी मनात मोजत राहायचो, आता पूल आला, आता चढ आला. चहा गोड लागायचा.

पण माणसाने एकदा इंजिनांत आयुष्य काढलं की बिघाड ऐकून गप्प बसता येत नाही. भावाचा असला तरी. मला ते कोडं सुटेना, म्हणून मी ऐकू लागलो. मी माझी खाट भिंतीला लागून टाकली. संध्याकाळी ऊन उतरलं की तिथे जाऊन बसायचो.

पहिली गोष्ट अशी की उष्णतेचा बिघाड असता, तर तो उन्हात वाढला असता. पण भाऊ दुपारी म्हशींची ढेप आणायला जायचा तेव्हा गाडी बऱ्यापैकी लांब जायची, आणि थंडीच्या सकाळी लवकर बंद पडायची. हे उलटं होतं. गरम होऊन बंद पडणारी गाडी थंडीत जास्त रुसत नाही. दुसरी गोष्ट पानठेल्यावर कळली. टाकी फुल केली की ती आणखी लवकर बंद पडते आणि पेट्रोल तळाला गेलं की बरी चालते. भाऊ ते हसण्यावारी सांगत होता. "उपाशी ठेवलं का चालते, पोट भरलं का झोपते. अगदी आमच्या दादासारखी." लोक हसले. मी हसलो नाही. मला कळायला लागलं होतं.

तिसरी गोष्ट भिंतीतून आली. पेट्रोलचा काटा कधीच बंद पडला होता. म्हणून भाऊ संध्याकाळी घरी आला की झाकण उघडून टाकीत काडी बुडवून पाहायचा. त्या संध्याकाळी झाकण फिरलं आणि टाकीने श्वास ओढल्यासारखा आवाज केला. सूऽऽ करून हवा आत गेली.

मला तिथेच बिघाड सापडला.

टाकीतून पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा वरून आत जावी लागते. डिझेलच्या पिंपाला एकच भोक पाडलं तर धार अडखळते, दुसरं पाडलं की सरळ पडते. गाडीच्या झाकणाला त्यासाठीच सुईएवढं भोक असतं. ते बुजलं की टाकी आतून ओढून धरते आणि इंजिन तहानेने मरतं. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी सुरू होते. माणसाला वाटतं, थंड झाली. मेकॅनिक झाकण उघडायचा आणि तिथेच तिला बरी करायचा, त्याला ते कळायचं नाही. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा कमी, म्हणून लवकर ओढ बसायची. दुपारच्या उन्हात पेट्रोलची वाफ ती ओढ थोडी भरून काढायची, थंडीत तीही नाही. सगळं जुळलं. बिघाड इंजिनात नव्हताच.

भोक कशाने बुजलं तेही मला समजलं. त्या पावसाळ्यात शेवटी शेवटी भिजत दूध नेताना टाकीत पाणी गेलं होतं, त्यावरून त्याने भिंतीपलीकडे बराच आरडाओरडा केला होता. झाकणाचं रबर त्याने तेव्हाच नवं बसवलं. मग कापणीच्या आधी विळ्यांच्या मुठी बसवायला त्याने लाख वितळवली. आमच्याकडे विळ्याचं शेपूट लाकडी मुठीत लाखेनेच पक्कं करतात. वितळलेल्या लाखेचा वास माझ्या अंगणात भरून राहिला होता. पाणी जाऊ नये म्हणून त्याच लाखेचा एक थेंब त्याने झाकणाच्या भोकावर सोडला असणार. मीही तरुणपणी तेच केलं असतं. आम्ही भोक दिसलं की लाख सोडणारी माणसं.

म्हणजे सुई तापवून एकदा टोचली की काम झालं असतं. मी कोणाला सांगितलं नाही.

बायकोने विचारलं होतं. "तुमाले समजलं ना तिले का झालं ते?"

"नाही."

"तुमी खोटं बोलता तवा कान खाजवता."

मी कान खाजवायचं थांबवलं. त्या दिवशी तिने मला चहा विचारला नाही.

दिवस जात होते आणि मी गप्प होतो. रोज सकाळी गाडी निघायची, मी ऐकायचो, आणि मला ठाऊक असायचं की ती कुठे थांबणार आणि का. आधी मला भावाची फजिती आवडत होती. आता एकट्यालाच कारण माहीत असण्याची चव लागली. ही चव पहिलीपेक्षा वाईट होती. हे मी आज म्हणतो, तेव्हा म्हणत नव्हतो.

मग साखरेचं झालं. भावाने चिडून भर चौकात कार्बोरेटरचा पेला खोलला आणि पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत काढलं. तळाशी पांढरे बारीक कण आले. पाणी लागून धातूला धरलेला तो क्षार होता, जुन्या गाडीत निघतोच. पण भावाने बाटली उन्हात धरली आणि म्हणाला, "साखर."

"चाखून पाह्य ना मंग."

"तूच चाख. तुले फुकटचं गोड लागते."

"साखर टाकनारं घरातलंच राह्यते गा. बाहेरच्याले टाकीची चाबी कुठून भेटन?"

कोणीतरी माझ्याकडे पाहिलं. मी पानठेल्यावर होतो. तेव्हा मी ते बोललो, की मला बिघडवायचीच असती तर याहून चांगली बिघडवली असती. बोलून गेलो. भाऊ बाटली हातात धरून माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हशीला मधे न घेता बोलला.

"म्हनजे चांगली बिघडवली तूनं?"

"मी हात नाही लावला तुया गाडीले."

"हात कोन म्हनून रायलं? मन त लावलं ना."

लोक मनापासून हसले. मी घरी आलो.

त्यानंतर मला एक कारण मिळालं. आता सांगितलं तर तेच पुरावा होईल. ज्याला ठाऊक, त्यानेच केलं, असं गाव म्हणेल. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. पण ते नंतर मिळालेलं कारण होतं. त्याच्या आधी जे दिवस गेले, त्या दिवसांत माझ्याकडे कुठलंच कारण नव्हतं. त्यासाठी मी हे लिहितो आहे.

ढाबेवाल्याने एक दिवस भावाला सरळ सांगितलं, "काका, बहुत हो गया. परसों टाइम पे दूध नहीं आया तो मैं डेअरी की गाडी लगा लूंगा." ही बातमी दूध पोचण्याआधी गावात पोचली. भावाच्या अंगणात त्या दिवशी म्हशीशीही कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको माझ्या दारात आली. आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, तोंड उघडत नाही. पदर पुढे ओढून बाजूने निघून जाते. लग्न होऊन तिला सुना यायची वेळ आली होती, पण माझ्याशी ती एक शब्द थेट बोललेली नव्हती. त्या दिवशी ती पदर न घेता उभी राहिली.

"तुमी काही टाकलं असंन त काढून घ्या. मी कोनाले नाही सांगनार."

"मी काही नाही टाकलं."

"नसंन टाकलं. पन तुमाले मालूम हाये."

"कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? रोज सांजच्या तुमची खाट कुरकुरते भिंतीजवळ. इकडून आयकू येत नाही का आमाले?"

मी भिंतीजवळच्या खाटेकडे पाहिलं.

"उद्या दूध येळेवर नाही गेलं त म्हशी इकाव्या लागतीन. त्याच्या पायानं शेती होत नाही. आमचं वाईट झालं ते तुमाले गोड लागून रायलं, लागू द्या. आमालेही तुमचं लागलं असतं. पन कायनं बंद पडते थे सांगा."

ती रडली नाही, हात जोडले नाहीत. मी म्हटलं, "जा घरी." ती गेली. फाटकापर्यंत डोक्यावर पदर घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता मी भिंतीला वळसा घालून त्याच्या अंगणात गेलो. तो कॅन बांधत होता. शेजारच्या बोअरवर पाणी भरणारे चार लोक तिथेच काम टाकून उभे राहिले.

"कायले आला?"

"झाकन उघड."

"काऊन? आनखी काही टाकाचं राह्यलं का?"

बोअरवरून हसू आलं. मी हात पुढे केला. "चाबी दे."

तो देत नव्हता. त्याच्या बायकोने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि माझ्या हातावर ठेवली. मी झाकण काढलं, उलटं केलं. भोकाच्या जागी तपकिरी, काचेसारखी लाख बसलेली होती. त्यांच्या चुलीत सायकलची तार तापवली आणि टोचली. धूर आला, वास आला. झाकण तोंडाशी धरून फुंकलं, हवा आरपार गेली. परत बसवलं.

"जा आता."

भाऊ झाकणाकडे पाहत होता. वास त्याला पोचला होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला आठवलं हे मला दिसलं. थेंब त्यानेच सोडला होता. त्याची बायकोही खाली पाहत होती, विळे बसवताना लाखेची पळी तीच धरत असणार. क्षणभर मला वाटलं तो बोलेल. त्याने बोअरवरच्या लोकांकडे पाहिलं.

"पाहून घ्या," तो म्हणाला. "ज्यानं बुजवलं त्यालेच भोक मालूम."

"म्हनजे साखर नाही, लाख होती," एकजण म्हणाला.

"लाख याच्याचजवळ राह्यते. धुऱ्यावरची," भाऊ म्हणाला.

मी बोलू शकलो असतो. त्याच्या बायकोलाच विचारा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिला सगळ्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडावं लागलं असतं, नाहीतर स्वतः खोटं बोलावं लागलं असतं. पण तिच्यासाठी मी गप्प राहिलो असं कोणी समजू नये. ती उलट विचारेल, तुमाले कवापासून मालूम होतं, या भीतीने मी गप्प राहिलो. तिने पदर पुढे ओढला आणि ती आत गेली.

भावाने किक मारली. गाडी गेली, पूल ओलांडून गेली, चढ चढून गेली. रतीब टिकला आणि आजही चालू आहे. त्याने मला आजवर विचारलं नाही आणि मीही त्याला विचारलं नाही.

मी टाकीत साखर टाकली नाही. झाकणावर लाख त्यानेच लावली. कळल्यावरही मी कित्येक दिवस त्याला उपाशी राहण्याच्या वाटेवर जाताना ऐकत बसलो, तेही खाट भिंतीला सरकवून. भाऊ हे वाचणार नाही, पण कोणीतरी त्याला वाचून दाखवेल आणि तो म्हणेल, म्हाताऱ्यानं आता कागदावरही खोटं लिहून ठेवलं. म्हणू दे.

गावाने मात्र गोष्टीत दोन्ही ठेवलं, साखर आणि लाख. अजूनही मी पानठेल्यावरून गेलो की कोणी ना कोणी हसत आपल्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर तळहात ठेवतो. परवा एकाने ठेवला. मी थांबलो आणि म्हणालो, "हात काढ गा. तिथून हवा जाऊ दे."

त्याने हात काढला नाही.